ओळखीचा साचा

आषाढ संपत आला कीं, डोलवीच्या आमच्या घरांतील माळ्यावरून गणपतीचा पाट खालीं काढावयाचा, तो धुऊन पुसून पेणला मूर्तिकाराच्या कारखान्यांत नेऊन ठेवावयाचा, आणि "नेहमींचीच मूर्ति" एवढे दोन शब्द बोलून परत यावयाचें, हा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा क्रम आहे. हें काम वडील करीत. त्यांच्यामागें दादा करूं लागले. आणि दादांचे गुडघे दुखूं लागल्यापासून तें माझ्याकडे आलें आहे. मी मुंबईच्या एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. एक रविवार मोडून गांवीं जावें लागतें, एवढीच काय ती तोशीस. पण खरें सांगावयाचें तर तिची मी वाट पाहत असतों. पावसानें भरलेला खारेपाट, त्याच्या कडेनें गेलेले काळे बांध, पलीकडे धरमतरची खाडी, आणि या सर्वांच्या उरावर उभीं असलेलीं पोलादाच्या कारखान्याचीं धुराडीं, हें सारें एकदां डोळ्यांखालून गेलें नाहीं तर वर्ष पुरें झाल्यासारखें वाटत नाहीं.

यंदा माझ्याबरोबर पुतण्या होता, आणि पाटाखेरीज आणखी एक काम दादांनीं माझ्या गळ्यांत घातलें होतें. पुतण्या पुण्याला व्हिडिओ गेम बनविणाऱ्या एका कंपनींत चित्रकार आहे. एका परदेशी कंपनीचा एक नामांकित खेळ आहे. त्याचे आजवर सहा भाग निघाले असून सातव्या भागाचें कांहीं काम या कंपनीकडे आलें आहे. पगार चांगला, आणि काम पुढें चार वर्षें पुरेल एवढें. हें सर्व सोडून, दोन मित्रांना बरोबर घेऊन, स्वतःचा असा एक अगदीं नवा खेळ रचावा असें या मुलाच्या मनानें घेतलें आहे. आणि त्यापायीं लागणारा पैसा उभा करण्यासाठीं शेताचा कागद बँकेंत ठेवावा, असें त्यानें दादांपाशीं भीत भीत सुचविलेंही होतें.

"ज्याचे सहा भाग खपले त्याचा सातवाही खपेल," दादा मला म्हणाले, "पण ज्याचें नांवही कोणाला ठाऊक नाहीं तो याचा खेळ घेणार कोण? तूं प्रोफेसर आहेस, तुझें तो ऐकेल. जरा समजाव त्याला."

प्रोफेसराचें म्हणणें कोणी तरी ऐकतो, हा दादांचा जुना गैरसमज आहे. तो दूर करण्याचें धैर्य मला कधीं झालें नाहीं.

पाट मांडीवर घेऊन गाडींत बसलेल्या त्या मुलाला मीं वाटेंतच समजावण्यास आरंभ केला. स्थिरता, वय, लग्न, वडिलांचे गुडघे, असे सर्व मुद्दे मीं क्रमानें मांडले. त्यानें ते शांतपणें ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, सातव्या भागांत माझ्याकडे काय काम आहे ठाऊक आहे? नायकाच्या अंगरख्यावर धूळ चढवावयाची. नायक तोच, अंगरखा तोच, शत्रूही बहुतेक तेच. धूळ तेवढी नवी."

यावर काय बोलावें तें मला सुचेना, आणि सुचण्यापूर्वींच पेण आलें.

पेणचें नांव गणपतीमुळें कोठवर गेलें आहे हें निराळें सांगावयास नको. गांवांत आणि आसपासच्या हमरापूर, जोहे अशा खेड्यांतून घरोघर हा धंदा चालतो. येथील मूर्ती पेट्यांत भरून पार अमेरिकेपर्यंत जातात. आमच्या मूर्तिकारांच्या कारखान्यांत त्या दिवशीं फळ्यांवर फळ्या पांढऱ्या गणपतींनीं भरलेल्या होत्या. अजून रंग चढलेला नव्हता, डोळे उघडलेले नव्हते. प्रत्येक फळीवर खडूनें नांव लिहिलेलें: लालबाग, दगडूशेठ, टिटवाळा, बालगणेश. एका कोपऱ्यांत खांद्यावर भंडाऱ्याचा पिवळा शेला घ्यावयाचा असलेला एक गणपति होता. २०१४ सालीं दूरचित्रवाणीच्या एका वाहिनीवर "जय मल्हार" ही मालिका सुरू झाली आणि पुढें दोन-तीन वर्षें लोकांना खंडोबाच्या वेषांतील गणपति हवा झाला, त्या काळाची ती आठवण. त्याच्यामागून २०१५ सालीं "बाहुबली" आला, तेव्हां गणपतीला दंड फुगवून दाखवावे लागले. मूर्तिकार हें सांगत असतां हंसत होते, पण त्या हंसण्यांत तक्रार नव्हती.

"साचे चाळीसांवर आहेत," ते म्हणाले, "पण खपाचे म्हणाल तर सात-आठ. त्यांच्यावरच हा कारखाना चालतो."

"आणि नवीन?" पुतण्यानें विचारलें.

त्याला हात धरून ते आंतल्या खोलींत घेऊन गेले. तेथें एका उंच फळीवर, धूळ बसूं नये म्हणून वर प्लास्टिकचा कागद टाकलेला, एक गणपति होता. होडीच्या काठावर बसलेला, एक पाय पाण्यांत सोडलेला, आणि मोदकाचा हात मांडीवर सैल पडलेला. दिवसभर भक्तांचीं गाऱ्हाणीं ऐकून जरा विसाव्याला येऊन बसावें तसा. मी पुष्कळ वेळ पाहत राहिलों. मातींत मूळ मूर्ति घडवावयास त्यांना दोन महिने लागले होते, त्यावर रबरी साच्याचा खर्च निराळा. तीन वर्षांपूर्वीं त्यांनीं अशा पन्नास मूर्ती काढल्या, त्यांपैकीं नऊ गेल्या.

"गिऱ्हाईक येतें, दोन मिनिटें समोर उभें राहतें, 'वा!' म्हणतें, आणि दगडूशेठ घेऊन जातें."

"मग तुम्ही नवीन करणें सोडून दिलें असेल," मी म्हणालों. मला पुतण्यासाठीं एक चांगला दाखला हवा होता.

"छे! दर वर्षीं एक तरी करतोंच. लालबाग आणि दगडूशेठ यांच्या पैशांतून तेवढें निघतें. आणि तुमच्या घरीं जी नेहमींची मूर्ति जाते ना, ती माझ्या आजोबांनीं एका वर्षीं नवीनच केली होती. पहिलीं दोन वर्षें ती कोणी घेतली नव्हती, असें वडील सांगत."

ज्या मूर्तीच्या परंपरेचा आम्हांला एवढा अभिमान, ती एके काळीं न खपलेला माल होती, हें ऐकून मला जरा अवघडल्यासारखें झालें. पाट त्यांच्या स्वाधीन केला. "नेहमींचीच" हा शब्द मात्र सवयीनें तोंडांतून निघून गेला. मूर्तिकार गालांतल्या गालांत हंसले.

परत येतांना समजावण्याचें काम आपोआपच पुतण्याकडे गेलें. व्हिडिओ गेमच्या जगाची मला माहिती ती काय. रेल्वेंत मुलें मोबाइलवर बोटें नाचवितांना दिसतात तेवढी. त्यानें जें सांगितलें त्यांत कादंबरीचा मास्तर म्हणून मला रस वाटला. एकेका खेळाला आतां लागणारा पैसा ऐकून तर मी थक्क झालों. "द लास्ट ऑफ अस" नांवाच्या एका खेळाचा दुसरा भाग २०२० सालीं निघाला. त्याला बावीस कोटी डॉलर खर्च आला होता, हें पुढें २०२३ मध्यें अमेरिकेंतील एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलें. एवढा पैसा ज्याला घालावयाचा आहे, तो अनोळखी नांवावर कशाला घालील? सोनी कंपनीनें तसें धाडस केलें. "काँकर्ड" हा कोणत्याही जुन्या खेळाचा आधार नसलेला खेळ तिनें २०२४ च्या २३ ऑगस्टला बाजारांत आणला. खेळणारे जमले नाहींत. ६ सप्टेंबरला तो बंद करून लोकांचे पैसे परत करावे लागले. म्हणजे आमच्याकडे गणपतीची मूर्ति बसून तिचें विसर्जन व्हावें, इतक्या दिवसांत सगळा कारभार आटोपला. अशा बाजारांत "कॉल ऑफ ड्यूटी" हा २००३ सालचा लढाईचा खेळ जवळजवळ दर वर्षीं नव्या अंगरख्यांत येतो, याचें आश्चर्य मग कां वाटावें?

या कंपन्यांना भित्र्या किंवा आळशी म्हणण्याची टीकाकारांची रीत आहे. ती मला पटत नाहीं. भीति ही पैशाच्या मानानें वाढते. आमच्या मूर्तिकारांनीं पन्नास मूर्ती काढल्या आणि नऊ विकल्या, तरी त्यांचा संसार उलथला नाहीं. तोच प्रयोग त्यांना पन्नास हजार मूर्तींवर करावा लागला असता तर त्यांच्या हातून होडीवरचा गणपति घडला नसता. आणि दोष एकट्या विकणाराचाही नव्हे. विश्रांति घेणाऱ्या त्या गणपतीपुढें "वा!" म्हणून दगडूशेठ घेऊन जाणारे तुम्ही-आम्हीच. कॉनन डॉइलनें १८९३ सालीं शेरलॉक होम्सला दरींत ढकलून दिलें, तें आपल्याला दुसरें, अधिक मोलाचें लिहितां यावें म्हणून. वाचकांनीं त्याला दहा वर्षें कांहीं स्वस्थ बसूं दिलें नाहीं, आणि १९०३ मध्यें होम्सला दरींतून वर काढावें लागलें. आमच्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड मीं शाळेंत असतांना पुस्तकांच्या आड लपवून वाचले ते कांहीं नावीन्याच्या तहानेनें नव्हेत. झुंजार पुन्हां भेटेल एवढी एकच खात्री मला हवी होती, आणि ती प्रत्येक वेळीं मिळत होती. ओळखीच्या माणसाला पुन्हां भेटण्याचा आनंद हा खोटा आनंद आहे, असें म्हणणाऱ्यानें आपल्या आजीच्या गोष्टी विसरल्या असल्या पाहिजेत.

पण मग नवें येतें तरी कोठून? हें मीं पुतण्याला विचारलें, आणि त्यानें जी हकीकत सांगितली ती मी जन्मांत विसरणार नाहीं.

निंटेंडो ही जपानी कंपनी १८८९ सालीं क्योटो शहरांत पत्ते छापण्यासाठीं निघाली. पुढें ती खेळांच्या यंत्रांकडे वळली. १९८० च्या सुमारास तिनें अमेरिकेंत पाठविलेलीं एका खेळाचीं पुष्कळशीं यंत्रें पडून राहिलीं. जवळजवळ दोन हजार. त्या पडून राहिलेल्या यंत्रांतच दुसरा एखादा खेळ बसवितां आला तर पाहावें, म्हणून हें काम शिगेरू मियामोतो नांवाच्या एका तरुण चित्रकाराकडे सोंपविण्यांत आलें. कंपनीच्या मनांत तेव्हां काय होतें? तर अमेरिकेंतल्या घराघरांत माहीत असलेला पोपाय नांवाचा तो पालक खाणारा खलाशी घ्यावा! म्हणजे तेथेंही ओळखीचाच साचा. पण पोपायचा हक्क मिळाला नाहीं. तेव्हां निरुपायानें मियामोतोनें खलाशाच्या जागीं एक मिशाळ सुतार उभा केला, खलनायकाच्या जागीं एक माकड ठेवलें, आणि १९८१ सालीं "डाँकी काँग" हा खेळ बाहेर पडला. त्या मिशाळ सुताराचें पुढें मारिओ असें नांव पडलें. १९८३ मध्यें त्याच्या स्वतःच्या नांवाचा खेळ निघाला, आणि आज जगांतल्या कोणत्याही मुलाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं.

"म्हणजे काका," पुतण्या म्हणाला, "पोपाय मिळाला असता तर मारिओ झालाच नसता. आणि आतां मारिओ मिळाल्यामुळें दुसरे किती झाले नाहींत, तें कोण सांगणार?"

मला एकदम देवलांची आठवण झाली. गोविंद बल्लाळ देवलांनीं सात नाटकें लिहिलीं. सहांचीं कथानकें दुसरीकडून आलेलीं: मृच्छकटिक आणि विक्रमोर्वशीय संस्कृत नाटकांवरून, शापसंभ्रम बाणाच्या कादंबरीवरून, झुंजारराव शेक्सपियरच्या ऑथेल्लोवरून, दुर्गा दुसऱ्या एका इंग्रजी नाटकावरून, आणि संशयकल्लोळाचें मूळ मोलियरपर्यंत जाऊन पोंचतें. स्वतःचें असें एकच, १८९९ सालचें "शारदा". तोंपर्यंत संगीत रंगभूमीवर शकुंतला होती, सुभद्रा होती. १८८२ सालीं प्रथम रंगभूमीवर आलेल्या सौभद्राची गोष्ट तर तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आधींच तोंडपाठ होती. अशा ठिकाणीं आपल्याच शेजारच्या आळींत दिसणारी एक मुलगी, तिचा लोभी बाप आणि तिच्याशीं लग्न करूं पाहणारा म्हातारा यांना उभें करण्यास छाती लागली असेल. मात्र तीही छाती देवलांना साच्याचा आधार घेऊनच आली. पदें होतीं, चाली होत्या, सूत्रधार होता. प्रेक्षकांना ज्याची ओळख होती तें सगळें त्यांनीं ठेवलें आणि मधोमध एक अनोळखी मुलगी बसविली. पुण्याच्याच कांहीं तरुणांनीं २०२० सालीं काढलेल्या "राजी" या खेळाविषयीं पुतण्यानें सांगितलें तेंही असेंच वाटलें. असुरांनीं पळवून नेलेल्या भावाला सोडवावयास निघालेली एक सर्कशींतली मुलगी त्यांत नायिका आहे. ती पूर्वीं कोणी पाहिलेली नव्हती. पण तिची कथा सांगतात त्या दुर्गा आणि विष्णु या देवता, आणि त्या सगळ्यांना ठाऊक. त्या तरुणांनीं २०१७ मध्यें लोकवर्गणीनें पैसा जमविण्याचा प्रयत्न करून पाहिला होता, आणि तो फसला होता. तीन वर्षांनीं खेळ निघाला तो निघालाच.

घरीं पोंचेपर्यंत दिवे लागले होते. जेवणें झाल्यावर ओटीवर बसून मीं त्याला विचारलें, "तुझा तो खेळ आहे तरी कसला?"

तो सांगूं लागला. भाद्रपदांतली उधाणाची रात्र. खारेपाटाच्या बांधावर एक मुलगा कंदील घेऊन एकटा राखणीला बसला आहे. चिंबोऱ्यांनीं बांधाला भोकें पाडलीं आहेत, त्यांतून खाडीचें पाणी आंत झिरपूं लागलें आहे. आणि एका भोकाला चिखल लावावा तों दुसरें सुटतें आहे. मागें शेत आहे, शेताच्या मागें गांव आहे, आणि गांव झोपलें आहे. खांड पडली तर खारें पाणी शेतांत शिरून दोन-तीन वर्षें भात होणार नाहीं. खेळांत मारामारी नाहीं, बंदूक नाहीं. हातांत चिखल आणि कंदील, आणि पहांट होण्याची वाट.

मी कांहीं बोललों नाहीं. ही गोष्ट आमच्या वडिलांची. त्यांच्या लहानपणीं ते स्वतः तसे बांधावर बसले होते, आणि म्हातारपणीं याच ओटीवर त्यांनीं ती नातवाला सांगितली असावी. मला तर पुष्कळच आधीं सांगितली होती. माझ्या खोलींतल्या लोखंडी पेटींत एक वही आहे. १९९८ च्या उन्हाळ्याच्या सुटींत मीं तींत कादंबरी लिहावयास घेतली होती. बासष्ट पानें झालीं. बासष्टाव्या पानावर मुलगा कंदील विझूं नये म्हणून त्यावर सदरा धरून बसला आहे, आणि गेलीं पंचवीसांहून अधिक वर्षें तो तसाच बसला आहे.

कां? वेळ नव्हता असें मी लोकांना सांगतों. खरें कारण असें कीं, त्यानंतर थोड्याच वर्षांनीं एका प्रकाशकानें माझ्याकडून बी. ए. च्या विद्यार्थ्यांसाठीं इंग्रजी कादंबरीवर एक मार्गदर्शिका लिहून घेतली. ती खपली. आजवर तिच्या अकरा आवृत्त्या झाल्या. अभ्यासक्रमांतलें एक पुस्तक बदललें कीं एक प्रकरण काढावयाचें, दुसरें घालावयाचें, प्रस्तावनेंत "सुधारून वाढविलेली" असे शब्द लिहावयाचे, आणि वर्षाखेरीस मानधन घ्यावयाचें. बाराव्या आवृत्तीविषयींचें पत्र त्या दिवशींही माझ्या पिशवींत होतें. धूळ तेवढी नवी, हें पुतण्यानें सकाळीं म्हटलें तेव्हां मला बोलावयास कां सुचलें नाहीं, तें मला पेण येण्यापूर्वींच समजलें होतें. कबूल करावयास रात्र लागली, एवढेंच. बावीस कोटी डॉलर घालणारी कंपनी भिते तें मी समजूं शकतों. माझ्या वहीला लागणार होती शाई आणि एक सुटी.

मार्गदर्शिकेचें मानधन मी निराळ्या खात्यांत ठेवीत आलों आहें. निवृत्त झाल्यावर आम्हां उभयतांनीं त्यांतून इंग्लंड पाहावयाचें, टॉमस हार्डीच्या मुलखांत पायीं हिंडावयाचें, असा बेत होता. रात्रीं मुंबईला फोन करून मीं घरांतून परवानगी मागितली. हार्डीचा मुलूख आमच्या सौभाग्यवतींना कधीं फारसा जवळचा वाटलेला नव्हता, हें मला त्या फोनवर प्रथमच कळलें.

सकाळीं दादांनीं चहा पुढें करीत विचारलें, "काय, समजावलेंस कां?"

"शेताचा कागद कपाटांतच राहूं द्या," मी म्हणालों.

दादांनीं मोठा सुस्कारा सोडला. मग मीं पुढचें सांगितलें: दोन वर्षें, माझ्या खात्यांतले पैसे, आणि संपले तर संपले. दादा पुष्कळ वेळ कारखान्याच्या धुराकडे पाहत बसले. "म्हणजे तुला याच्याकडे पाठविलें तें तूंच बिघडून आलास," एवढेंच ते म्हणाले. पण कपांत आणखी चहा ओतला, यावरून ते फारसे रागावले नसावेत.

पुतण्या मला मोटारीपर्यंत पोंचवावयास आला. लोखंडी पेटींतली वही मीं त्याच्या हातांत दिली. कांहीं उपयोग झाला तर पाहा म्हटलें. त्यानें ती उघडली नाहीं, बगलेंत धरली.

"काका, नाहीं चालला तर काय करावयाचें, हें आपण रात्रीं बोललों," तो म्हणाला. "पण चालला तर?"

"चालला तर काय? उत्तमच!"

"तसें नव्हे. चालला तर लोक दुसरा भाग मागतील."